एरोसोल शिकवणाऱ्या माझ्या दादास

दादा, बाहेर सगळ्यांना आम्ही अटॅक आला असं सांगितलंय. हार्टचा. वहिनीनं दवाखान्याच्या पायरीवरच माझा हात धरला अन् म्हणाली, "कुंदाताई, कोणी इचारलं तं अटॅक म्हणजा. दुसरं काई बोलू नका." तिचे डोळे सुजले होते, आवाज बसला होता, पण तेवढं ती अगदी स्पष्ट बोलली. मी मान डोलावली. काय करू? नवरा गेलेल्या बाईशी पायरीवर भांडू?

हार्ट चालतं आपल्या सोयऱ्यांत. हार्टचा अटॅक म्हणजे कसा, कामाचा माणूस, डोक्याला ताण, गेला बिचारा. दमा चालत नाही. दमा म्हटला की लोक आधी घरातल्या पोरींकडे पाहतात.

तू म्हणायचास, "कुंदे, लिहाचं असन तं शुद्ध लिहीत जाय, बोल्ल्यासारखं नोको लिहू." म्हणून प्रयत्न करून राह्यली. पण राग आला की शुद्ध-अशुद्ध राहत नाही, अन् सध्या मला सकाळी उठल्यापासून राग येतो. तेरवी परवा झाली. पाहुणे गेले, भांडी गेली, मंडपवाला गेला. आता घरात बसून तुझ्यावर संतापायला वेळच वेळ आहे.

पेपरात तुझा फोटो आला. खाली लिहिलं, विद्यार्थिप्रिय, हसतमुख शिक्षक. हसतमुख! अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या वर्गात तू हसल्याचं कोणी दाखवून द्यावं, मी माझ्या पार्लरला कुलूप लावते. खडू मोडला तरी पोट्ट्यांवर डाफरायचास तू. हं, एका विषयावर मात्र तुझा चेहरा खुलायचा. हवेत काय काय तरंगतं, यावर. त्याचा तास कधी संपायचाच नाही, वर्गात नाही अन् घरातही नाही.

आठवते का तुला जिनिंग मिलच्या मागची आपली खोली? हंगामात कापूस आला की अख्ख्या गल्लीत रुईची भुकटी. आई दिवसातून तीनदा झाडायची अन् तीनदा शिव्या घालायची. दुपारी टिनाच्या भोकातून उन्हाचा कवडसा पडला की त्यात ते कण वरखाली होताना दिसायचे. मी पकडायला जायची. तू मला मांडीवर ओढून म्हणालास, "पकडू नोको. पाह्य. खाली पडून राह्यले का थे?" नव्हते पडत. "मंग थे धूळ नाई आता. धूळ अन् हवा दोघं मिळून तिसरंच काई झालं." तेव्हा तुलाही त्या तिसऱ्याचं नाव माहीत नव्हतं. पुढे कॉलेजात ते सापडलं अन् तू घरी आलास तो एखाद्या हरवलेल्या नातेवाइकाचा पत्ता लागल्यासारखा. एरोसोल! आई म्हणाली, "बरं बाप्पा, भेटला नं? आता पोळी खा."

पार्लरचं मात्र मी कधीच विसरणार नाही. नवीनच उघडलं होतं. एका नवरीचा अंबाडा घालून मी हेअरस्प्रे मारत होते, अन् तिच्या आईनं विचारलं, हे काय हो? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "एरोसोल." डब्यावर लिहिलेलं असतं नं. तू नेमका चावी द्यायला आलेला. पुरुषांना आत यायला बंदी, म्हणून पडद्याच्या बाहेर उभा राहिलास अन् तिथूनच सुरू झालास. "डब्याले एरोसोल नाई म्हनत वं कुंदे! डब्यातून निंघते थे. अन् नुसते थेंबही नाई. बारीक थेंब अन् ज्या हवेत थे तरंगून राह्यले थे हवा, दोन्ही मिळून एरोसोल!" नवरीच्या मावशीच्या तोंडाला फेसपॅक. तिला हसता येईना, रडता येईना. सगळ्या बाया मला विचारतात, हे कोण? म्हटलं, माझा भाऊ आहे, डोक्यानं चांगला आहे, फक्त सुरू झाला की बटण सापडत नाही.

तुझं एक वाक्य होतं. शब्द एक, पण प्रत्येकाच्या घरी त्याचं नांदणं निराळं. पार्लरवालीच्या घरी तो डबा. डॉक्टरच्या घरी औषध. शेतकऱ्याच्या घरी फवाऱ्याचा तुषार. जिनिंगवाल्याच्या घरी तो रोजचा त्रास, ज्याला तो नावही देत नाही. अन् हवामानवाल्याच्या घरी तर त्याची केवढी बडदास्त! वडनेरला मावशीकडे आपण स्कूटरवर निघालो होतो थंडीत, हायवेवर समोरचं काही दिसेना इतकं धुकं. मी जीव मुठीत धरून मागे बसले होते अन् तू पुढून ओरडून शिकवत होतास, "पाण्याच्या वाफेले बसायले जागा लागते! कण नसन तं थेंब बनत नाई, थेंब नसन तं ढग नाई!" मी म्हटलं, "म्हणजे धूळ नसती तर पाऊस नसता?" "थेच तं!" "मग मी रोज झाडू कशाला मारू?" तू इतका हसलास की स्कूटर हलली. पेपरवाल्यांनी तेव्हाचा फोटो घ्यायला हवा होता.

पुढे मावशीच्या शेतात त्यांचा गडी वाऱ्याच्या तोंडाशी उभा राहून कपाशीवर फवारणी करत होता, नाकातोंडाला काही नाही. तू शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून बोंबललास. "अबे, वारा पाह्य! थे पऱ्हाटीवर नाई जाऊन राह्यलं, तुह्या छातीत जाऊन राह्यलं!" स्वतःच्या गळ्यातला दुपट्टा काढून त्याच्या तोंडाला बांधलास. मग सावलीत बसवून समजावलंस की मोठा थेंब नाकात अडकतो, त्याहून लहान घशात, अन् जो दिसतही नाही तो थेट आत खोल जातो. कोरोनात तर तू गल्लीचा हवालदारच झालास. थेंबानं पसरतो की हवेनं, यावर टीव्हीवाले भांडत होते अन् तू टीव्हीशी भांडत होतास. "अरे, लहान थेंब म्हणजे हवेचाच झाला नं थो!" किराणा दुकानात मास्क नाकाखाली असलेल्या माणसाला तू सोडलं नाहीस कधी.

इतकं सगळं येत होतं तुला. अन् तूच असा गेलास. यालाच म्हणतात नं, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पंपाचं सांगते. इनहेलर कोणी म्हणत नाही आपल्याकडे, पंपच म्हणतात. अन् पंप म्हटला की पुढचं वाक्य ठरलेलं, एकदा लागला का सुटत नाई, पंप लागला का माणूस संपला. हा शुद्ध बावळटपणा आहे हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तूच मला समजावलं होतंस, गोळी पोटात जाऊन, रक्तात फिरून मग छातीपर्यंत येते, हे औषध सरळ तिथेच उतरतं, म्हणून थोडंसंच पुरतं. तोही एरोसोलच. जो कण आजार आत नेतो तसलाच कण औषध आत नेतो, दोघांची वाट एकच, असं सांगताना तुझे डोळे चमकायचे. अन् तोच पंप तू चष्म्याच्या डबीत लपवून ठेवायचास! घ्यायचा झाला की आतल्या खोलीत जायचं, पडदा ओढायचा, वरून पंखा मोठा करायचा, पंपाचा आवाज बाहेर जायला नको म्हणून.

तुझं तुझ्यापाशी. पण तुझी पोरगी, ऋतुजा? आठवीत असताना तिला त्रास सुरू झाला, तेव्हा तू तिला पंप किती छान शिकवलास. आधी हलव. छाती पूर्ण रिकामी कर. ओठ घट्ट. दाबणं अन् ओढणं एकाच वेळी. मग धरून ठेव. पोरगी शहाणी, एका दिवसात शिकली. अन् लगेच पुढचा धडा, कोणासमोर घ्यायचा नाही. मैत्रिणींसमोर नाही, गॅदरिंगमध्ये नाही, मामाच्या घरी नाही. त्रास झाला तर बाथरूममध्ये जायचं. तेव्हापासून आज वर्ध्याला ऑफिसात जाते तरी ती मेकअपच्या पाऊचमध्ये लिपस्टिकच्या खाली पंप ठेवते. बाथरूमचं दार लावून श्वास घेते माझी भाची.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. ते आधीचं स्थळ. सगळं जुळलं होतं, बोलणी झाली होती, अन् कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप आला. ज्या घरात आधी पत्रिका पाहायचीच नाही म्हणत होते त्या घरातून! त्या दिवशी तू जेवला नाहीस. मला कळत होतं दादा. पण मग सिंदीचं स्थळ आलं, मुलगा चांगला, ऋतुजालाही आवडला, अन् तू ठरवलंस की यावेळी तोंडातून दमा या शब्दाचा द सुद्धा निघायला नको. पोरीचा तर नाहीच, बापाचाही नाही. बापाले दमा म्हणजे पोरीले असनच, हे तुझं गणित.

त्यावर आपलं जे भांडण झालं ते अर्धंच राहिलं. तुझ्या ओसरीवर. मी म्हटलं, सांगून टाक. तू म्हणालास, "सोयरीक होऊ दे, मंग सांगू." "मग म्हणजे कवा? पोरगी सासरी बाथरूममध्ये कोंडून घेईल तवा?" "तुले नाई समजत कुंदे." "मले सगळं समजते. तुले लोकायची भीती वाटते." तू उठून आत गेलास. पंखा मोठा केल्याचा आवाज आला.

अन् हेच मला पचत नाही. तुला लोकांची भीती? मी सासर सोडून एका पिशवीनिशी परत आले, तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. तू मधून चालत आलास, माझी पिशवी घेतलीस अन् मोठ्यानं म्हणालास, "बहीण आली हाय माही. राहाले आली हाय. कोणाले काई इचारायचं हाय का?" अन् मला हाताला धरून आत नेलंस. पार्लर काढते म्हटलं तर सोयरे म्हणाले, मास्तरची बहीण बायांच्या भुवया उपटणार? तू सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतः भिंती रंगवल्यास, रंगाचा फवारा मारता मारता मला एरोसोल शिकवत. आज मी माझं खाते, माझ्या पायावर उभी आहे, ते त्या एका वाक्यामुळे. माझ्यासाठी जो माणूस गल्लीच्या छातीवर उभा राहिला, त्याची पोरीच्या वेळी काऊन दातखिळी बसली? बहीण परत आली तर चालते, पोरगी परत येईल याची भीती? सांग नं. आता सांगणार नाहीस. आयुष्यभर बोललास अन् नेमकं हेच सांगायचं ठेवून गेलास.

तुझा शेवटचा दिवस ठरला त्या लग्नात मी बायांच्या बाजूला होते. आपल्याच सोयऱ्यातलं लग्न, इथं हिंगणघाटलाच, अन् सिंदीची मंडळी पण आलेली. दारात शिरतानाच दोन पोरी अत्तराचा फवारा मारून राह्यल्या होत्या अंगावर. मग हॉलचे दिवे घालवले, नवरा-नवरीची एंट्री. हल्ली काय तर ढगातून यायचं असतं नं त्यांना. मशीननं भसाभसा पांढरा धूर सोडला, वरून पोट्ट्यांनी फेसाचे डबे उडवले. हॉल बंद, खिडक्यांना पडदे. मी तुला शोधलं. तू होतास सिंदीच्या त्या मुलाच्या वडिलांच्या शेजारी, पहिल्या रांगेत. तुझा हात खिशाकडे गेला. परत आला. मी लांबून खूण केली, बाहेर जा. तू मला हातानं खूण केलीस, थांब. त्यांच्याकडे पाहून हसलास. हात परत खिशाकडे गेला अन् परत आला. दादा, ते लोक तुला धुराबद्दलच काही विचारत होते म्हणे. अन् तू त्यांना समजावत होतास की हा धूर नाई, हे पाण्यासारख्या केमिकलचे बारीक थेंब हायेत! श्वास पुरत नव्हता अन् तू शिकवत होतास!

मग उठलास ते लघवीला जाऊन येतो म्हणून. मोकळ्या दारानं रस्त्याकडे गेला असतास तर समोरच हवा होती. पण तिकडे पाहुणे उभे होते. म्हणून तू मागे गेलास, आचाऱ्याकडे, जिथे आपल्यातलं कोणी पाहणार नाही. तिथे कढईत मिरचीची फोडणी पडलेली. मी येईस्तोवर तू पाण्याच्या ड्रमला टेकून बसला होतास, पंप हातात होता, ओठांना लावला होतास. अन् तो दाबून काही होत नव्हतं. कारण औषध आत न्यायला श्वास लागतो, हे तूच शिकवलं होतंस, अन् तोच उरला नव्हता. गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी रस्ताभर ओरडत होते, ओढ दादा, ओढ. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, थोडं आधी घेतला असता तर. एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत, पण मी ते रोज ऐकते.

माणूस अज्ञानानं मेला तर एक वेळ समजतं. तू तर ज्ञानानं फुगलेला. पहिल्या रांगेत बसून, खिशात औषध ठेवून, चेहऱ्यावर हसू ठेवून गेलास. याला काय म्हणू मी? त्याग म्हणू? वहिनी म्हणते, पोरीसाठी केलं त्यांनी. मला तर हा भैताडपणा वाटतो, निव्वळ मूर्खपणा. पोरीला बाप पाहिजे होता, सोयरीक नाही.

आता परवाचं सांगते, मग थांबते.

तेरवीचं जेवण आटोपलं होतं. सिंदीहून मुलाची आई आली होती, पुढच्या खोलीत बसली. शेजारच्या काकूंनी पुन्हा ऊद घातला होता, खोली नुसती धूर धूर. ऋतुजा सगळ्यांना पाणी देत होती. मी दारातून ऐकलं, तिच्या छातीतून शिट्टी यायला लागली होती. तो आवाज आपल्या घरात सगळ्यांना ओळखू येतो. वहिनीनं डोळ्यांनीच तिला सांगितलं, आत जा. मी मनात म्हटलं, आता बोलावं लागतं. पण माझ्याआधी ऋतुजानं पाण्याचा ट्रे खाली ठेवला. पाऊच आणलं. सगळ्यांच्या मध्ये खुर्चीवर बसली. पंप हलवला. छाती रिकामी केली. ओठ घट्ट लावले, दाबला, ओढला अन् धरून ठेवला. तू शिकवलं होतंस तसं, एकही चूक नाही. मग दुसऱ्यांदा.

मुलाच्या आईनं विचारलं, "दमा हाय का पोरी तुले?"

"हो काकू. बाबांनाही होता. ते त्यातच गेले. अटॅक नव्हता."

"आमाले तं कोणी सांगतलं नाई."

"मी सांगून राह्यली नं आता."

बाईनं चहा अर्धा ठेवला, थोडं बसली, निघाली. जाताना ऋतुजाच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याचा अर्थ काय लावायचा मला माहीत नाही. अजून फोन आलेला नाही. वहिनी माझ्याशी बोलत नाही, जणू मीच पोरीला पढवून ठेवलं होतं. मी एक शब्द बोलले नव्हते दादा, तुझी शपथ. आज सकाळी ऋतुजा ऑफिसला गेली. बसस्टॉपपर्यंत मी बरोबर गेले. तिला विचारलं, सोयरीक मोडली तर? म्हणाली, "आत्या, मोडू दे नं." मग थोडं चालल्यावर रडली.

मला तुझा राग कशाचा येतो ते आता नीट सांगते. परवा तू त्या खोलीत असतास तर वहिनीसारखाच तूही तिला डोळ्यांनी आत पाठवलं असतंस. अन् ती गेली असती. तुझा शब्द तिनं कधी मोडला नाही. तू नव्हतास, म्हणून तुझ्या पोरीला चारचौघांत श्वास घेता आला.